महिला कक्षाची किल्ली कुणाकडे?

आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींबरोबर मी एकदा पोलीस ठाण्यात गेले होते. आदल्या रात्री नवऱ्यानं मारलं होतं, डाव्या कानाखाली सूज होती. त्यांना काळजी मात्र मुलीची. ती सोळा वर्षांची, मध्ये पडली तेव्हा तिलाही त्यानं भिंतीवर ढकललं होतं. ठाणे अंमलदारांनी नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि मारणारा कोण हे ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. ‘कौटुंबिक आहे ना? मग इथं नाही. वर महिला कक्ष आहे.’ बोलणं उर्मट अजिबात नव्हतं. उलट बाईला योग्य जागी पाठवल्याचं समाधान त्यात होतं. आम्ही जिना चढून वर गेलो. दारावर गुलाबी रंगाची नवीकोरी पाटी, तिच्यावर हेल्पलाइनचे नंबर, आणि कडीला कुलूप. कक्षातल्या दोन्ही महिला अंमलदार गणपतीच्या बंदोबस्ताला गेल्या होत्या. खाली येऊन सांगितलं तर उत्तर आलं, ‘मग विसर्जन झाल्यावर या.’

कुलपाचा राग आलाच. पण नंतर बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं ते खाली ठेवलेलं पेन. कक्ष नसता तर त्या अंमलदारांना निदान एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घ्यावी लागली असती. वर कक्ष होता, म्हणून तेवढीही घेतली गेली नाही. महिलांसाठी खास काढलेल्या खोलीमुळे ठाण्याच्या मुख्य टेबलावरून एक तक्रार उठली आणि जिन्यातच विरली.

बाईवरच्या अत्याचारासाठी पोलिसांत वेगळी पथकं, वेगळे कक्ष, वेगळी ठाणी असावीत का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘असावीत’ असंच आहे. फक्त एक अट आहे. त्या वेगळ्या खोलीतून ठाण्यात आत जाता आलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी तिच्यातून बाहेरच जाता येतं.

आपल्याकडे या गोष्टीचा क्रम ठरलेला आहे. एखादी घटना राज्याला हादरवते, मोर्चे निघतात, विधानसभेत आरडाओरडा होतो आणि मग पथक जाहीर होतं. सप्टेंबर २०२१मध्ये मुंबईत साकीनाक्याला एका महिलेवर अमानुष अत्याचार झाला आणि तिचा मृत्यू झाला. २०२२च्या २६ जानेवारीला मुंबईत निर्भया पथक सुरू झालं. पुण्यात दामिनी पथक आहे. नागपुरात सुरू झालेला भरोसा सेल आता अनेक जिल्ह्यांत आहे. तेलंगणात २०१४पासून ‘शी टीम्स’ आहेत, केरळात ‘पिंक पोलीस’, उत्तर प्रदेशात २०१७ साली आलेली रोमिओविरोधी पथकं. (नावं ठेवण्याच्या बाबतीत गृहखात्यांची प्रतिभा कधी आटत नाही. मनुष्यबळाच्या फाइलवर तिचा थेंबही पडत नाही, हे वेगळं.)

नाव आणि वास्तव यांतलं अंतर किती, हे मुंबईच्या गाड्यांनी दाखवून दिलं. जून २०२२मध्ये मुंबई पोलिसांनी निर्भया निधीतून २२० बोलेरो, ३५ अर्टिगा, ३१३ पल्सर आणि २०० अ‍ॅक्टिव्हा विकत घेतल्या. खर्च तीस कोटींच्या घरात. गाड्या ठाण्यांना वाटल्या गेल्या, आणि लगेचच त्यांतल्या ४७ बोलेरो परत मागवण्यात आल्या. नुकत्याच सत्तेत आलेल्या गटाच्या आमदार-खासदारांना वाय-प्लस सुरक्षा द्यायची होती आणि तिच्यासाठी वाहनं कमी पडत होती. डिसेंबरात ही बातमी छापून आली तेव्हाही १७ गाड्या ठाण्यांकडे परतलेल्या नव्हत्या. दिल्लीतल्या त्या मुलीच्या मृत्यूनंतर उभारलेल्या निधीतली गाडी आमदाराच्या ताफ्यात धावते, यावर पुरेसं बोलून झालेलं आहे. मला दिसते ती त्यामागची साधी प्रशासकीय सवय. बंदोबस्त आला की आधी महिला कक्ष रिकामा होतो आणि व्हीआयपी आला की आधी पथकाची गाडी जाते. पोलीस खात्यात ज्याला ‘साइड पोस्टिंग’ म्हणतात, त्या यादीत ही कामं बसतात. तिथं कुणाला बढती मिळाल्याचं फारसं ऐकू येत नाही.

समजा गाड्या मिळाल्या, माणसं मिळाली, पथक रोज फिरायला लागलं. तरी ते फिरणार कुठं? कॉलेजच्या फाटकापाशी, बसस्टॉपवर, बागेत, टेकडीवर. तिथंही त्रास होतो आणि छेडछाड थांबवणं हे काम क्षुल्लक नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभर महिलांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा होता. हे नोंदलेले. न नोंदलेल्यांचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवरून येतो. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुठं ना कुठं मदत मागितली होती. ७७ टक्के बायकांनी मदत मागणं तर सोडाच, कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. मोटरसायकलवरच्या गस्तीला स्वयंपाकघर दिसत नाही. मग दिवसाच्या शेवटी कामगिरी दाखवायला काय उरतं, तर टेकडीवर बसलेली पोरंपोरी. त्यांची ओळखपत्रं तपासा, आईबापांना फोन करायची धमकी द्या, आकडा भरा. उत्तर प्रदेशातल्या पथकांची हीच कीर्ती झाली. आपल्याकडे तसं होतच नाही, असं कॉलेजात शिकलेल्या कुणालाही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. ज्या मुलीला पोलिसांनी मित्राबरोबर बसली म्हणून दरडावलं, ती पुढं खरंच काही घडलं तर त्याच पोलिसांकडे जाईल का?

आणि जिथं धोका खरोखर परक्याकडून असतो, तिथंही पथक हे उत्तर असतंच असं नाही. पुण्यात स्वारगेट आगारात २५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे उभ्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाला. जवळच पोलीस होते. तिथं हव्या होत्या कुलूपबंद बस, चालू दिवे आणि जागे सुरक्षारक्षक. त्याची जबाबदारी एसटीची होती आणि तिला कोणतंही पथक जोडून चालणार नव्हतं.

आता जरा मागं जाते, कारण या विषयातली सगळ्यांत शहाणी कल्पना जुनी आहे आणि आपल्याच राज्यातली आहे.

मार्च १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं, तेव्हा कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी नवऱ्याची आणि सासरच्यांची क्रूरता हा गुन्हा ठरवणारं ४९८-अ हे कलमही आलं. बाईनं पोलिसांकडे जावं असा कायदा झाला. पण ठाण्याची पायरी चढायची हिंमत बाईनं कुठून आणायची, हा प्रश्न तसाच उरला. त्यावर मुंबईत १९८४ साली एक प्रयोग सुरू झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं क्रॉफर्ड मार्केटच्या पोलीस आयुक्तालयातच एक ‘विशेष कक्ष’ उघडला गेला, आणि त्यात बसल्या त्या पोलीस नव्हत्या, प्रशिक्षित समाजसेविका होत्या.

ही रचना नीट पाहण्यासारखी आहे. जागा पोलिसांची, माणूस पोलिसांबाहेरचा. बाई आत आली की तिच्यासमोर खाकी नसते, पण तिच्या बोलण्यामागं खाकीचं वजन उभं राहतं. समाजसेविका नवऱ्याला बोलावते तेव्हा तो येतो, कारण बोलावणं पोलिसांच्या आवारातून आलेलं असतं. स्त्रीधन परत आणायला तिच्याबरोबर हवालदार जाऊ शकतो. बाईला गुन्हा नोंदवायचा असेल तर समाजसेविका तिला हाताला धरून त्याच इमारतीतल्या टेबलापाशी नेते, आणि तिथं पेन खाली ठेवणं अंमलदाराला जरा अवघड जातं, कारण बघणारं कुणीतरी शेजारी उभं असतं. पुढं महिला व बालविकास विभागानं हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. इतर राज्यांनीही उचलले. चाळीस वर्षं होऊन गेली. एवढं जुनं, घरचं, तावूनसुलाखून निघालेलं काम असूनही आपल्या राजकीय भाषणांत त्याचा उल्लेख येत नाही. दोन समाजसेविका, एक टेबल आणि चार खुर्च्या यांना झेंडा कसा दाखवणार? झेंडा गाड्यांना दाखवतात.

पोलिसांतले वेगळे विभाग खरोखर उपयोगी पडतात का, याचा अभ्यास झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाणी घेऊन मोठा प्रयोग केला गेला. काही ठाण्यांत महिलांसाठी मदतकक्ष उघडले, त्यांतले काही महिला अधिकाऱ्यांकडे दिले, बाकीची ठाणी होती तशी ठेवली. २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदतकक्ष असलेल्या ठाण्यांत तक्रारी कागदावर येण्याचं प्रमाण वाढलं, आणि एफआयआर वाढले ते मुख्यतः महिला अधिकारी असलेल्या मदतकक्षांत. लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे हे कक्ष नेहमीच्या ठाण्यातच होते. तिथल्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण होतं, बसायला आडोसा होता, वस्तीतल्या लोकांशी संपर्क होता.

हरियाणानं याच्या उलट वाट धरली. २०१५मध्ये प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र महिला पोलीस ठाणं उघडलं. वर्तमानपत्रांत मोठाले फोटो आले. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की गुन्ह्यांची नोंद वाढली नाही. नेहमीच्या ठाण्यांना मात्र ‘तुमचं महिला ठाण्याला’ म्हणून बायकांना पाठवायची सोय झाली. गावच्या ठाण्यात चालत जाऊ शकणारी बाई आता जिल्ह्याच्या गावाला बसनं जाणार, तिथं तिला समुपदेशनाची तारीख मिळणार, आणि दुसऱ्या तारखेला ती येणार नाही, कारण भाड्याचे पैसे नवऱ्याच्या खिशात असतात.

ब्राझीलमध्ये तर १९८५ साली साओ पावलोत पहिलं महिला पोलीस ठाणं निघालं. जगभर त्याचं अनुकरण झालं. तिथल्या महानगरांत ही ठाणी निघाल्यावर तरुण स्त्रियांच्या हत्या कमी झाल्याचं संशोधकांना आढळलं आहे, तेव्हा कल्पना पोकळ नाही. पण ही ठाणी रात्री आणि शनिवार-रविवारीही उघडी राहिली पाहिजेत, असा देशव्यापी कायदा करायला ब्राझीलला २०२३ साल उजाडावं लागलं. अडतीस वर्षं! बायकोला मारणारे नवरे कार्यालयीन वेळ पाळत नाहीत हे कळायला एवढा वेळ का लागावा? आमच्या ठाण्यातलं कुलूप आठवून मला त्या कायद्याचं हसूही आलं आणि हेवाही वाटला.

समुपदेशन या शब्दाकडे आता वळायला हवं, कारण कक्ष आणि सेल यांचं निम्म्याहून जास्त काम याच नावाखाली चालतं. स्त्रीवादी मंडळी त्यावर सरसकट तुटून पडतात तेव्हा माझी थोडी पंचाईत होते. मावशींना नवरा तुरुंगात नको होता. त्याची रोजची मजुरी घरात येत होती, खोली त्याच्या नावावर होती. त्यांना मार थांबायला हवा होता आणि पोरीला हात लावलेला चालणार नव्हता. अशा बाईला ‘आधी गुन्हा दाखल करा’ असं सांगणं म्हणजे तिचं न ऐकणंच. तेव्हा बोलणी करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बोलणी गुन्ह्याच्या जागी आणून बसवायला. ‘भांड्याला भांडं लागणारच’, ‘मुलांकडे बघा’, ‘एक संधी द्या’ असं म्हणून दोघांच्या सह्या घेतल्या जातात, ‘पुन्हा त्रास देणार नाही’ असं नवऱ्याकडून लिहून घेतलं जातं आणि प्रकरण ‘समेट’ या रकान्यात जातं. सेलच्या यशाचा आकडा हाच. किती संसार जुळवले, याची बातमी छापून येते. त्या जुळवलेल्या संसारांत सहा महिन्यांनी काय चाललंय हे बघायला कुणी जातं का?

कायद्याला हे अभिप्रेत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलं. वैवाहिक वादांत प्राथमिक चौकशीला वाव ठेवला, पण मुदत घालून. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी प्राथमिक चौकशी चौदा दिवसांत संपवायची आहे, तीही उपअधीक्षकांच्या परवानगीनं. कक्षातल्या तारखांना ना परवानगी लागते ना मुदत असते. त्या महिनोन् महिने चालतात, कारण कागदोपत्री अजून काही घडलेलंच नसतं.

मे २०२५मध्ये पुण्याजवळच्या एका धनाढ्य घरातल्या सुनेच्या मृत्यूनं राज्य हादरलं, तेव्हा त्याच घरातल्या थोरल्या सुनेनं काही महिने आधीच छळाची तक्रार केली होती, हे बाहेर आलं. राज्य महिला आयोगापर्यंत ती पोचली होती. म्हणजे या घरात काय चाललंय, हे यंत्रणेला ऐकवून झालेलं होतं. अशा वेळी नवं पथक मागणाऱ्यांना मी विचारेन, की आधीच्या सुनेचा कागद कुठल्या टेबलावर किती दिवस होता, हे तुम्ही पाहिलंत का?

सगळीकडे महिला अधिकारी नेमल्या की झालं, असं मानणाऱ्यांनी बदलापूर विसरू नये. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन पालक ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदला जाईपर्यंत त्यांना अर्ध्या दिवसाच्या आसपास ताटकळत बसावं लागलं. त्या ठाण्याच्या प्रमुख महिला होत्या. पोक्सो कायदा होता, माहिती न नोंदवणाऱ्याला शिक्षा देणारं कलम होतं. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा यंत्रणा हलली. महिला अधिकाऱ्यांनी फरक पडतो, मध्य प्रदेशानं ते दाखवलं आहे. पण तो पडतो ते वरचा अधिकारी नोंदीचा आग्रह धरत असेल तर. गुन्ह्यांची संख्या वाढली म्हणजे ठाण्याची कामगिरी घसरली, असं ज्या खात्यात धरलं जातं, तिथं साडी असो की पँट, पेन खालीच ठेवलं जाणार.

शिक्षेच्या कलमाचाही एक गमतीदार तपशील आहे. भारतीय दंड संहितेतल्या २०१३च्या दुरुस्तीनं बलात्कार, विनयभंग, अ‍ॅसिडहल्ला अशा गुन्ह्यांची खबर न नोंदवणाऱ्या पोलिसाला किमान सहा महिने सक्तमजुरी ठेवली. नव्या न्याय संहितेत ते कलम १९९ म्हणून आलं. त्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत नवऱ्याची क्रूरता नाही. म्हणजे सर्वांत जास्त नोंदला जाणारा आणि सर्वांत जास्त वेळा जिन्यावरून परत पाठवला जाणारा गुन्हाच यादीबाहेर. मावशींना ‘विसर्जनानंतर या’ सांगणाऱ्या अंमलदारांवर त्या कलमानं बोटही उगारता आलं नसतं. आमदारांनी एखादी दुरुस्ती सुचवायचीच असेल तर ही सुचवावी. २०२१च्या डिसेंबरात गाजावाजानं मंजूर केलेलं, महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीविना पडून राहिलं. एका यादीत एक कलम वाढवायला एवढा गाजावाजा लागणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यानुसार तक्रार घेऊन आलेल्या बाईला संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत आणि संरक्षण आदेश यांची माहिती देणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे. ती माहिती दिली की नाही, हे कुठंतरी लिहिलं जावं. प्रत्येक ठाण्यात एक नोंदवही असावी: कोण आलं, किती वाजता, काय सांगितलं, कुठं पाठवलं, पाठवलं तिथं पोचली का. ‘वर जा’ म्हणताना त्या वहीत ओळ लिहावी लागली, तर वरचं दार उघडं आहे का हे अंमलदार स्वतःच आधी बघून येतील. आणि कक्षातल्या अंमलदारांना बंदोबस्ताच्या यादीतून वगळावं. नियंत्रण कक्षातल्या माणसांना गणपतीत उठवून नेत नाहीत, तसंच.

विसर्जनानंतरच्या सोमवारी आम्ही पुन्हा गेलो. तेव्हा कक्ष उघडा होता आणि तिथल्या ताई खरंच चांगल्या होत्या. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मुलीशी वेगळं बोलल्या. कानाखालची सूज एव्हाना उतरली होती, त्यामुळे मेडिकलला पाठवून काही उपयोग नाही, असं त्याच म्हणाल्या. मावशींनी एवढंच विचारलं, की त्या दिवशी मी आले होते, हे कुठं लिहिलंय का. ताईंनी खाली फोन लावला. स्टेशन डायरीत तशी नोंद नव्हती.